लकडगंजातला आयरिश जमादार

आमच्या घरात त्याला त्याच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. पुस्तकांत तो आयर्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावाचा पोलीस सार्जंट होता, आणि त्याचं नाव मला स्वतःलाही नीट उच्चारता येत नसे. सार्जंट म्हणजे आपला जमादारच नं, असं माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दुपारी विचारलं. मी हो म्हटलं आणि तो जमादार झाला. पुढे काही वर्षं आमच्या घरात त्याचा जेवढा विषय निघाला, तेवढा आमच्या सख्ख्या नातेवाइकांचाही निघाला नसेल.

ही एकोणीसशे सत्तरच्या पुढची गोष्ट. लग्न होऊन मी धंतोलीतून लकडगंजात आले होते. माहेरी दुपारी सगळीकडे सामसूम असे. इथे चारी बाजूंनी लाकडाचे टाल, आणि सकाळपासून सुरू झालेला, लाकूड चिरणाऱ्या आरामशीनचा आवाज. सासरे अशाच एका टालावर कामाला होते. नवरा रेल्वेत, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, आणि घरात त्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापलीकडे नव्हता. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. पण मी नवी होते, आणि दोघींनी मिळून बोलायचं काय, हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

सीताबर्डीवर एका अरुंद जिन्यावरून चढून गेलं की एक वाचनालय होतं. त्याचे मालक जाड चष्म्याचे, अविवाहित गृहस्थ. पुस्तक देताना ते आधी स्वतः दोन मिनिटं त्याची स्तुती करत आणि मगच हातातून सोडत. परदेशी परत जाणाऱ्या एका नर्सबाईंनी त्यांना एक पेटी भरून पुस्तकं दिली होती. त्यात या आयरिश जमादाराच्या कादंबऱ्यांची मालिकाच निघाली. पाठपुठ्ठे सैल झालेले, पानांना दमट वास. त्यांनी पहिलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, हे वाचा आणि कसं वाटलं ते मला येऊन सांगा, नुसतं परत करू नका.

मे महिना होता. आत्याबाईंचं माहेर भिवापूरचं, त्यामुळे वर्षाच्या मिरच्या तिकडूनच पोत्यानं येत. समोरच्या खोलीत खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर पाणी मारलेलं, आणि जमिनीवर चादर अंथरून आम्ही दोघी मिरच्यांची देठं तोडत बसलेल्या. थोड्या वेळानं हात थांबवून मी पुस्तक उघडलं आणि वाचता वाचता मला हसू आलं.

आत्याबाईंनी विचारलं, “काय वाचून राहिली वं एवढं? एकटीच काहून हासतं? मलेही सांग.”

मी सांगायला लागले. एका शेतकऱ्याचा खून झालेला असतो. त्याचा आणि त्याच्या भावाचा बांधावरून जुना वाद. जमादार पावसात सायकल मारत तिथे पोचतो, तर मेलेल्या माणसाची गाय गोठ्यात हंबरत असते, आणि तो आधी खाली बसून गायीची धार काढतो, मग प्रेताकडे बघतो. याच गोष्टीवर मी हसले होते. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या की बरोबर केलं त्यानं, मेलेला काही उठून जात नाही, गाय तटतटली असंन. धुऱ्याची, बांधाची भांडणं तर आमच्या भिवापुरातही हायेत, पुढं सांग.

मी पुढं सांगितलं. समोर इंग्रजी पान, तोंडातून मराठी, आणि मध्ये मध्ये आत्याबाईंना कळावं म्हणून त्यांच्या बोलीतले शब्द. असं मी आधी कधी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी अडखळले, दुसऱ्या दिवशी कमी अडखळले, आणि पुस्तक संपलं तेव्हा मला वाटलं की बी. ए.च्या परीक्षेत जेवढं इंग्रजी मला आलं नव्हतं तेवढं या मिरच्यांसमोर बसून आलं. खुनी कोण ते ऐकून आत्याबाईंना फारसं काही वाटलं नाही. त्यांना वेगळीच काळजी होती. एक भाऊ तुरुंगात गेला, दुसरा मेला, तर आता त्या गायीकडे कोण पाहणार? लेखकानं ते लिहिलं नव्हतं. आत्याबाईंचा त्या मालिकेविषयीचा पहिला अभिप्राय हाच, की लिहिणारा चांगला हाये, पण अर्धवट ठेवतो.

मी तो तसाच्या तसा वाचनालयाच्या मालकांना जाऊन सांगितला. ते इतके खूश झाले की त्यांनी एकदम दुसरं आणि तिसरं पुस्तक दिलं.

तिसऱ्या पुस्तकाच्या सुमारास आमच्यात शेजारच्या मोठ्या बाई आल्या. मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पांढरं स्वच्छ नऊवारी, ताठ मान, बोलणं पुस्तकी. आत्याबाई त्यांना मास्तरीणबाई म्हणत आणि जराशा बिचकत. एका दुपारी त्या विरजण मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहून ऐकू लागल्या. मी सांगत होते की गावातले लोक संध्याकाळी चहाच्या हॉटेलात जमले आणि गाणी म्हणू लागले. तिथे खरं तर दारूचा गुत्ता होता. पण सासूसमोर ते कसं म्हणायचं, म्हणून मी पहिल्या पुस्तकापासून त्याचं चहाचं हॉटेल करून टाकलं होतं.

“चहा पिऊन कोनी असं गानं म्हनत नाही,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “दारूच हाये थे. तू सांग मोकळेपनानं, माहे तीन भाऊ भिवापुरात हायेत.”

मोठ्या बाई दारात उभ्या उभ्या हसल्या. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. मग त्या आत येऊन बसल्या आणि विरजणाचं विसरून गेल्या.

त्यानंतर रोज दुपारी आमची बैठक भरू लागली. मिरच्या संपल्या, मग कुरड्या आल्या, मग शेवया, मग नुसतंच पन्हं. मोठ्या बाई वेताची खुर्ची घरून घेऊन येत, कारण त्यांचे गुडघे वाकत नसत. त्यांचं वाचन कडक होतं. खुनी पुस्तकाच्या पहिल्या निम्म्यात दिसलाच पाहिजे, नाहीतर लेखकानं वाचकाला फसवलं, असा त्यांचा नियम. कोणाच्या बुटाला चिखल होता, कोणाचं घड्याळ मागे होतं, हे त्या लक्षात ठेवत आणि मला मागची पानं उलटून दाखवायला लावत. आत्याबाईंना बुटांचं काही देणंघेणं नव्हतं. बाहेर लकडगंज तव्यासारखं तापलेलं असताना त्या पुस्तकात सारखा पाऊस पडत असे, आणि दर चार पानांनी त्या विचारत, कपडे वाळतात तरी कसे या लोकायचे? पापड कुठं घालत असतीन? सकाळी बटाटे, संध्याकाळी बटाटे, त्यालाही फोडणी नाही, मग माणसं एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत तर काय करणार, असंही एकदा त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंनी त्यावर मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी येताना त्या लसणाची चटणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, जमादाराच्या नावानं खा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुपारी जेवायला घरी येत आणि आतल्या खोलीत थोडं लवंडत. ते झोपतात अशी आमची समजूत होती. एका पुस्तकात आम्ही तिघी पोस्टमास्तरावर संशय घेऊन बसलो होतो, तर आतून आवाज आला की पोस्टमास्तर नाही, त्याचा जावई. खुनी जावईच निघाला. आत्याबाईंनी मामाजींना विचारलं, कधीपासून ऐकून राहिले? ते म्हणाले, गायीपासून. त्या दिवसापासून मधलं दार उघडं राहू लागलं, आणि मामाजी टालावर उशिरा पोचू लागले.

आत्याबाईंचं खरं प्रेम मात्र जमादारावर नव्हतं, त्याच्या बहिणीवर होतं. जमादार बिनलग्नाचा, त्याची थोरली बहीणही बिनलग्नाची, आणि तीच त्याचं घर पाही. प्रत्येक पुस्तकात तो भिजून घरी येई आणि ती त्याच्यासमोर चहा ठेवी. लेखकाला तिच्याबद्दल याहून जास्त काही सांगायचं नव्हतं. आत्याबाई मात्र तिच्यावर डोळा ठेवून असत. आज ती काय बोलली, आज तिनं काय शिजवलं, आज ती चर्चमध्ये कोणाशेजारी बसली, हे त्यांना सगळं हवं असे. पानात नसेल तर त्या हळहळत.

मग ते डॉक्टरचं पुस्तक आलं. गावातला एक सावकारी करणारा जमीनदार मरतो. अतिशय दुष्ट माणूस. लोकांना घराबाहेर काढणारा, विधवांना छळणारा. शेवटी कळतं की गावाच्या लाडक्या म्हाताऱ्या डॉक्टरनंच त्याला औषधातून मारलं. जमादाराला हे एकट्याला माहीत असतं. तो पुराव्याची बाटली घेऊन समुद्रावर जातो आणि पाण्यात फेकून देतो.

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता नियमाच्या पक्क्या मोठ्या बाई चिडणार आणि मायाळू आत्याबाई जमादाराची बाजू घेणार. झालं उलटंच. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या की आयुष्यभर नियमानं चाललेल्या माणसानंच असं एकदा करावं, त्याला ते शोभून दिसतं. आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“डॉक्टरच मारून राहिला तर मंग लोकं औषध कोनाच्या हातचं पितीन?” त्या म्हणाल्या. “आज दुष्टाले मारलं. उद्या मीच त्याले दुष्ट वाटली, तर?”

मोठ्या बाई म्हणाल्या, वहिनी, तो जमीनदार माणूसच नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, असं एकदा म्हटलं का संपलं. शब्दानं शब्द वाढला. दोघी आवाज न चढवता भांडत होत्या, आणि तेच जास्त भीतीचं वाटत होतं. शेवटी मोठ्या बाई उठल्या, स्वतःची वेताची खुर्ची उचलली आणि घरी गेल्या.

काही दिवस त्या आल्याच नाहीत. पुढचं पुस्तक मी सुरू केलं, पण रंग भरेना. आत्याबाई कपड्यांचं विचारीत नव्हत्या, मामाजीही आतून काही बोलत नव्हते. आणि एका दुपारी अर्धं पुस्तक झालं असताना मोठ्या बाई खुर्ची घेऊन दारात उभ्या. त्या सांगू लागल्या की त्यांनी वाचनालयात जाऊन याच पुस्तकाची चौकशी केली, ते माझ्याकडे आहे असं कळलं, म्हणून मालकांकडून त्याच्या पुढचं घेतलं आणि घरी बसून वाचून काढलं. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं, दोन दिवसांत संपलं.

“कसं हाये?” आत्याबाईंनी न राहवून विचारलं.

“चांगलं आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण एकटीनं वाचण्यात काही अर्थ नाही, वहिनी. मध्ये थांबवून कोणी काही विचारतच नाही.”

आत्याबाईंनी समोरचं सूप सरकवून खुर्चीला जागा केली. डॉक्टरचा विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही, म्हणजे वाचनालयातला तो रविवार येईपर्यंत.

झालं असं, की ही मालिका तोवर सीताबर्डीवर बरीच वाचली जाऊ लागली होती. मालकांना सगळ्यांचे अभिप्राय ऐकण्याची हौस. त्यांनी एका रविवारी सकाळी वाचनालयातच वाचकांची बैठक बोलावली. मला निरोप आला. मी आत्याबाईंना म्हटलं की मी तुमची मतं तिथे नीट सांगीन. त्या लुगडं बदलायला उठल्या. मतं माहीच हायेत तर मी कायले घरी बसू, असं त्यांचं म्हणणं. मग मोठ्या बाईही निघाल्या. मामाजींनी दोन सायकलरिक्षा आणल्या आणि आम्हाला बसवून दिलं. ते स्वतः आले नाहीत. बैठकीत बसून बोलायची त्यांना सवय नव्हती, आतल्या खोलीतून बोलायची होती.

तिथे एक वकील होते, एक इंग्रजीचे प्राध्यापक होते, कॉलेजातल्या काही मुली होत्या. वकील म्हणाले, जमादार साक्षी नीट नोंदवत नाही, कोर्टात एकही खटला टिकणार नाही. प्राध्यापक त्या देशाच्या पावसाविषयी आणि उदासपणाविषयी बोलले, आणि छान बोलले. मग मालकांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं आत्याबाई बिचकतील. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या की मी ही पुस्तकं वाचली नाहीत, ऐकली हायेत.

त्यांची तक्रार एकच होती. एवढी पुस्तकं झाली, बहीण दरवेळी गरम चहा देते, पण जमादारानं एकदाही म्हटलं नाही की चहा चांगला झाला. खुनी सापडतो, बहीण दिसत नाही. मग त्या डॉक्टरच्या गोष्टीकडे वळल्या, आणि आम्हाला जे घरी सांगितलं तेच तिथे सांगितलं. वकील ताडकन म्हणाले की बाई अगदी बरोबर बोलतात. प्राध्यापक म्हणाले, अजिबात नाही. मोठ्या बाई प्राध्यापकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. कॉलेजच्या मुलींमध्ये दोन तट पडले. चहा आला आणि निवून गेला. मालक चष्मा पुसत नुसते इकडून तिकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता.

त्या गडबडीत आत्याबाई एकदा म्हणाल्या की इंग्लंडातल्या पोलिसांची रीतच अशी असंन. प्राध्यापकांनी त्यांना थांबवून समजावलं की आयर्लंड म्हणजे इंग्लंड नव्हे. इंग्रजांनी तिथे पुष्कळ वर्षं राज्य केलं, आणि त्या लोकांनी झगडून आपलं राज्य घेतलं. आत्याबाईंना हे माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“म्हंजे यायच्याकडेही इंग्रज येऊन बसले होते?” त्यांनी विचारलं. प्राध्यापक हो म्हणाले. “मंग हे आपल्यातलेच हायेत नं,” असं म्हणून त्या खाली बसल्या. परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या की आता त्यांना जमादाराच्या बटाट्यांना नाव ठेवावंसं वाटत नाही.

पेटीतली पुस्तकं एक दिवस संपली. मालकांनी मुंबईला चौकशी केली, तिथे कोणाला ती ठाऊक नव्हती. शेवटचं पुस्तक झालं तेव्हा पावसाळा संपून हवा कोरडी होत होती. दोन-तीन दिवस आम्ही तिघी नुसत्याच बसलो. मला ते बघवेना. चौथ्या दिवशी मी माझ्या कॉलेजातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि मालकांना आणखी एक सापडलं, असं दोघींना सांगून बसले. पान डोळ्यांसमोर निबंधाचं होतं, आणि मी सांगत होते जमादाराची गोष्ट.

ती माझी मीच रचत होते. गावच्या जत्रेतून एक घोडा चोरीला जातो, मग घोडेवाला मरून पडलेला सापडतो. मला वाटलं होतं अर्ध्या तासात अडकेन, पण माणसं आपोआप येत गेली. मोठ्या बाई पुढे वाकून ऐकत होत्या. मामाजी आत कूस बदलत नव्हते. मी इतकी रंगले की जमादार भिजून घरी आला, बहिणीनं चहा दिला, त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, आज चहा फार छान झालाय.

आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे.

“हे पुस्तकात नाही,” त्या म्हणाल्या. “हे तुह्यं हाये.”

मी पुस्तक मिटलं. मोठ्या बाईंनी हात पुढे करून कव्हर काढलं, नाव वाचलं, आणि पुस्तक पलीकडच्या शेल्फवर ठेवून दिलं. मला वाटलं त्या आता शाळेतल्या सुरात काही बोलतील. त्या खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, बरं, मग घोडा कोणी चोरला?

“मला अजून माहीत नाही,” मी म्हटलं.

“मंग उद्यापर्यंत शोधून ठेव,” आत्याबाई म्हणाल्या.

घोडा कोणी चोरला ते शोधायला मला बरेच दिवस लागले. ती गोष्ट संपल्यावर दुसरी सुरू केली, आणि तिसऱ्या गोष्टीत जमादार गेला. त्याच्याऐवजी आली उमरेडकडची एक विणकर बाई, आणि खुनाऐवजी तिच्या मागावरून नाहीसं झालेलं लग्नाचं पातळ. मोठ्या बाईंनी हट्ट धरला की हे लिहून काढ. मी लिहिलं. पुढच्या वर्षी नागपुरातल्याच एका दिवाळी अंकानं ते छापलं.

अंक घरी आला त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आत्याबाई चौथी शिकलेल्या, पोथी वाचत तशा एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचत. आता त्यांना माझी गरज नव्हती. समोरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, संथ, मोठा, आणि मोठ्या बाई मध्ये मध्ये त्यांना थांबवत होत्या. मोठ्या बाईंना पातळाचा रंग दोन ठिकाणी वेगळा आढळला. मामाजींना चोर पहिल्या पानावरच कळला होता, असं ते आतून सांगत होते. आत्याबाईंचं म्हणणं होतं की विणकर बाई चांगली उतरली हाये, पन तिची सासू उगाच कडक दाखवली.

त्यावर तिघांची जुंपली. फोडणी करपत होती. मी गॅस बारीक केला आणि दाराआड उभी राहून ऐकत राहिले.